सर्जेरावांचं ताट

पुतण्याच्या लग्नाच्या पंगतीत सर्जेरावांच्या ताटात मटणाचे मोजकेच बारीक तुकडे होते आणि भोवती तालमीतले जुने दोस्त बसले होते. एके काळी हा पैलवान पातेल्याचा फडशा पाडायचा. पुढं कुस्ती सुटली, खाणं सुटलं नाही. वजन दीडशेच्या वर गेलं आणि शेवटी ऑपरेशन करून जठर लहान करावं लागलं.

ते एकेक घास अगदी मऊ होईपर्यंत चावत होते. शेजारी बसलेल्या दगडूनं पांढऱ्या रश्श्याची वाटी पुढं केली.

"पी की लेका! डागदर काय बघायला आलाय व्हय?"

"जेवताना पातळ चालत नाही. अर्ध्या तासानं पितो."

"वाघाची शेळी झाली की रं!" दगडू म्हणाला, आणि सगळे खदखदून हसले.

सर्जेरावांचे कान तापले. मागं अशाच चेष्टेपायी ते दोन घास जास्त जेवले होते आणि उलट्यांनी बेजार झाले होते. आताही छातीखाली दाटून आलं. ताटात अजून मटण होतं, सगळे बघत होते. त्यांनी शांतपणे ताट बाजूला सारलं.

समोर बसलेले म्हातारे वस्ताद काठी टेकत जवळ आले.

"तुम्हा सगळ्यांना मी खायला शिकवलं," ते दगडूला म्हणाले. "थांबायला शिकवायचं राहिलं. ते ह्यो एकटा शिकला."

जिंकलेल्या कुस्तीनंतरही क्वचितच मिळायची अशी वस्तादांची थाप सर्जेरावांच्या पाठीवर पडली.