फटकळ बाईचं कौतुक

"पोट आत ओढू नका, खोटं दिसतं," सुक्योंग म्हणाली. "आणि केस कानांवर घ्या. वानराचे कान आहेत तुमचे."

मिरानला हसूच फुटलं. तिने केस पुढे घेतले. अंगावर एक रेशमी झगा, तोही खांद्यावरून घसरलेला, आणि समोर कॅमेरा घेतलेली परकी बाई. मोक्पोच्या या समुद्राकाठच्या हॉटेलात, सत्तेचाळिसाव्या वर्षी, आपण हे काय आरंभलंय!

पण तिला सुक्योंगच हवी होती. "हँगर गिळलाय का? खांदे पाडा," असं एका नवरीला ही बाई तोंडावर म्हणाली होती. मिरानकडे पाठ रगडून घ्यायला येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने ते सांगितलं आणि मिरानने तिथेच ठरवलं. गोड बोलणारी माणसं तिला जन्मभर पुरली होती.

थंडीच्या आधी तिचं लग्न होतं. तिच्याच धंद्यातला, तिच्यासारखाच असलेला प्यो तिला सुंदर म्हणायचा. त्यावर थोरली बहीण खो खो हसायची. "त्याच्या बोलण्यावर काय जातेस? काळं घालत जा, झाकून जातं." मिरानचे कपडे ताईच आणायची, सगळे काळे. प्यो खरा की ताई खरी, हे एकदा कळल्याशिवाय लग्नाला उभं राहायचा तिला धीर होत नव्हता.

ती बरीच आधी आली होती. खोलीतली एकेक वस्तू हात लावून पाहून झाली होती. असली खोली रोज कुठे मिळते!

"डोळे मिटूनच बसले तर चालेल?" तिने सुरुवातीलाच विचारलं होतं. "लाज वाटते हो. आणि तुम्ही बोलत राहा, काय दिसतंय ते सांगत."

"बोलायचा मला कंटाळा नाही. दिवा मात्र लावायचा नाही हं. खिडकीतून येईल तेवढंच ऊन."

आता ते ऊन तिच्या मानेवरून खाली उतरत होतं. सुक्योंगने तिची पाठ खिडकीकडे वळवली, झगा कमरेपर्यंत सोडायला सांगितला आणि एकदम गप्प झाली. मिरानने मान मागे वळवली.

"काय झालं?"

"अहो, ही पाठ कुठे लपवून ठेवली होतीत?"

"म्हणजे... बरी आहे?"

"बरी? बरी म्हणायला मी काय तुमची मावशी आहे? मधासारखं ऊन ओघळतंय हो पाठीवरून! हलू नका. काळे कपडे कोण घालायला सांगतं तुम्हाला?"

"ताई."

"जळते ती. शपथेवर सांगते, कान सोडले तर तुमच्यात खोट काढायला मला जागा नाही. आणि खोट काढल्याशिवाय मला जेवण जात नाही!"

मिरानचे खांदे गदगदले. सुक्योंग तिला न रागावता फोटो काढत राहिली.

पाठ हळूहळू गार पडली. कॅमेऱ्याचा आवाज थांबला.

"संपलं. आता हात पुढे केला तर हात दिसत नाही," सुक्योंग कुठेतरी ठेचकाळत म्हणाली. "दिवा लावू का?"

"लावा ना, तुम्हाला लागत असेल तर," मिरान म्हणाली. तिने झगा नीट केला, पिशवीतली घडीची पांढरी काठी काढून उघडली आणि ती टेकवत सुक्योंगचा हात धरायला गेली.