सुचवणारीचं नाव

पुनम तीन दिवस एकाच ठिकाणी अडली होती. संगणक प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, फायली सांभाळणारा तिचा कोड एका मशीनवर गुमान चाले, दुसऱ्यावर कोसळे. वैतागून ती लॅपटॉप घेऊन शेतात आली, तर आई पेरणीआधी तिफणीचं बी सोडायचं चाडं उलटं करून ठोकत होती.

"रिकामंच हाय की ते. काहून ठोकून राहिलीस?"

नर्मदाबाईनं नळ्यात काडी घातली. सोयाबीनचे दोन जुने दाणे टपकन पडले.

"रिकामं हाय असं वाटतंच, बाई. मंग हरभऱ्यात सोयाबीन उगवतंय."

पुनमनं तिथंच बांधावर बसून कोड उघडला. फायलींचं झाड उभं करताना बुंध्याची जागा आधी रिकामी करायची असते; ती नवीच म्हणून तिनं तशीच सोडली होती, अन् मेमरीतला जुना कचरा फांद्या म्हणून मिरवत होता. एका ओळीत काम झालं. दुरुस्ती पाठवताना 'सुचवणारी व्यक्ती' म्हणून तिनं आईचं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्या जर्मन साहेबाचं उत्तर आलं, "दुरुस्ती मंजूर. नर्मदाबाई सध्या कोणत्या कंपनीत आहेत?"

पुनमनं ते आईला वाचून दाखवलं. पेरता पेरता, चाड्यावरची मूठ न हलवता नर्मदाबाई म्हणाली, "त्यांना सांग, आठ दिवस सवड न्हाई म्हणावं."