आडवी बाटली

मी सासूबाईंपुढं नवऱ्याची रिकामी बाटली उभी केली. त्यांनी ती बोटानं आडवी पाडली. “अशी?”

“अश्शी! उद्या कागदावर दोन चित्रं असतील, आत्याबाई. आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा.”

दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं, यावर गावातल्या बायकांचं मतदान होतं. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला, तरच दुकान बंद. यादीत मेलेल्याही होत्या. त्या मत द्यायला येणार नाहीत, म्हणजे त्या दुकानाच्या बाजूच्या. दिराच्या दारूपायी गेलेली माझी जाऊसुद्धा त्यांच्यातच धरली होती.

दुसऱ्या दिवशी सासूबाई मत देऊन ऐटीत बाहेर आल्या. “समोर उभीच दिसली बघ. मग कागद फिरवून तिला आडवी केली, आन हाणला शिक्का!”

“झकास केलंत,” मी म्हणाले.

संध्याकाळी निकाल लागला. दुकान एका मतानं वाचलं.

“झालं का गं बंद?” त्यांनी विचारलं.

“झालं की.”

तेवढ्यात नवरा झोकांड्या खात दारात आला.

“मग ह्यो कुठनं पिऊन आला?”

“उरलेला माल संपवायची परवानगी आहे दुकानवाल्याला.”

त्यांना ते पटलं. त्यांनी लेकाला ताट वाढलं.

मतदान उन्हाळ्यात झालं, आता दिवाळी आली. त्या रोज विचारतात, “अजून किती उरलाय गं माल?”

मी म्हणते, “थोडाच.”