हिरवं कडं

डॉक्टर मुजावरबाईंनी वृंदाच्या आरोग्यकड्याची नोंद पुन्हा वाचली. "तीन वर्षांपूर्वी पीसीओएसचा लाल दिवा लागला होता. त्यानंतर पाळी महिन्याच्या महिन्याला, साखर, हार्मोन्स, सगळं हिरवं. मग गर्भाशयात कॅन्सर एवढा वाढेपर्यंत कडं गप्प कसं राहिलं?"

खाटेवरच्या वृंदाने आईकडे पाहिलं.

"बायोडेटाला कड्याची नोंद जोडावी लागते ना, मॅडम," कुंदाताई पुटपुटल्या. "लाल दिवा बघून चार स्थळं परत गेली. मग मी हिचं कडं धाकटीच्या हातात घातलं. लग्न जमेपर्यंतच."

"आणि हिची पाळी?"

"आठ-आठ महिने यायची नाही," वृंदा म्हणाली. "आई म्हणायची, एकदा लग्न होऊ दे, मग दाखवू."

"जमलं लग्न?"

"गेल्या रविवारी होकार आला." कुंदाताईंना हुंदका आवरेना. "नोंद फार आवडली त्यांना."

डॉक्टरांनी गर्भाशय काढण्याच्या संमतीचा कागद पुढे केला.

धाकटी ओवी दाराशी उभी होती, दोन्ही मनगटांत एकेक कडं घालून. त्यातलं डावं हिरवं लुकलुकलं आणि गोड आवाजात म्हणालं, "अभिनंदन, वृंदा! तुमची तब्येत उत्तम आहे."