खोकणारी घंटा

युद्धात आमच्या चर्चची घंटा तोफांसाठी वितळवली, आणि जन्मभर ती वाजवणाऱ्या बाबांना घंटेविनाच पुरावं लागलं. आईला तेच सलत होतं. म्हणून कोलोन शहरातल्या रेडिओ केंद्रात, विजेच्या यंत्रांतून एकेक सूर काढत, ध्वनिफिती कापत, जोडत मी ती घंटा रचली. तडा गेल्यापासून ती म्हाताऱ्यासारखी खोकायची; तो खोकलाही सोडला नाही. प्रसारणाच्या दिवशी मी गावी गेलो. रेडिओ विचित्र घुमू लागला. “हे संगीत? माझं पातेलं बरं वाजतं!” शेजारची हेडविगमावशी फिसकन हसली. आई बटाटे सोलत राहिली. मग टोल पडला आणि घंटा खोकली. आईच्या हातातली सुरी थांबली. “आपलीच!” ती पुटपुटली. उठून तिनं दफनभूमीकडची खिडकी सताड उघडली, रेडिओ तिथं नेऊन ठेवला. “हाइनर, आवाज वाढव रे,” ती म्हणाली. “त्यांना कमी ऐकू येतं.”