धुतलेला कप

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून मी सदाशिव पेठेत बसून, इंटरनेटवर, लंडनमधल्या एका न उलगडलेल्या खुनावर वाद घालतोय. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला खून. मेलेल्या बाईच्या टेबलावर धुतलेला कप सापडला होता. तो तिने धुतला की खुन्याने, यावर आम्हा बारा देशांतल्या अभ्यासकांची तीन वर्षं गेली. काल मेथी निवडताना हिने स्क्रीनवरचं चित्र पाहिलं. “कप सुलटा ठेवलाय, म्हणजे धुणारा पुरुष. बाई धुतलेला कप पालथा घालते, पाणी निथळायला.” मी तेच लिहून पाठवलं. सकाळी बघतो तर जगभरातून अभिनंदन! “हे सुचलं कसं?” एकाने विचारलं होतं. “तीस वर्षांचं निरीक्षण,” मी लिहिलं. मागे चष्मा लावून ही उभी होती. चहाला स्वयंपाकघरात गेलो, तर गॅस बंद, माझा कप पालथा. “अगं, चहा?” “पुरावा समोर आहे. करा निरीक्षण.”