आठ हातांचं ऊन

तिसऱ्यांदाही नियंत्रण कक्षातल्या चौघांच्या हातमोज्यांत तीच थरथर उतरली आणि त्यांच्या बोटांच्या इशाऱ्यावर अंतराळात उलगडणारा प्रचंड आरसा मध्येच अडकला. आज तो उघडला नाही, तर डोंगराआडच्या अकरा गावांना हिवाळाभर ऊन मिळणार नव्हतं.

एकमेकांशी जोडलेल्या या मोज्यांत एकाचा हात अडखळला की सगळ्यांना जाणवे. कोणाचा, ते मात्र कळत नसे. चमूला एकत्र काम करायला शिकवायला आलेल्या प्रमिलाताईंना त्यांच्या नोकरीतलं जुनं टेलिफोन एक्सचेंज आठवलं.

"आम्ही तीस जणी होतो. एकीचं अडलं की शेजारणीचा हात पुढे यायचा. पण अडलंय हे ती आधी ओरडून सांगायची! इथे कोणाचं अडलंय?"

चमूचे प्रमुख दाभाडेसाहेब खाली बघत म्हणाले, "माझं. आरशाची तिसरी घडी कशी उलगडायची, ते कळत नाहीये."

"मला येते, साहेब," चमूतली रुक्साना चाचरली. "पण तुमच्यापुढे कसं बोलणार?"

"बोल गं बाई, बोल!" दाभाडेसाहेब म्हणाले.

ती सांगत गेली. थरथर विरली. आठ हात एका श्वासात उलगडत गेले आणि आरसा पूर्ण उघडला. पडद्यावर एका बर्फाळ अंगणात ऊन उतरलं आणि तिथल्या म्हातारीने ते झेलायला ओंजळ पुढे केली.

मोजे न घातलेल्या प्रमिलाताईंच्या तळहातांनाही ऊब जाणवली.